झांकलेला गंज

जें कोणाच्याहि दृष्टीस पडणार नाहीं तें नीट करण्याची जबाबदारी मनुष्यावर असते काय? घराचा दर्शनी भाग रंगविण्यास कोणी सांगावें लागत नाहीं. परंतु ओलीनें पाया ढिसूळ झाला असेल, तर तो उकरून पाहण्याचें धैर्य थोड्यांच्याच अंगीं असतें. हा प्रश्न कधीं कधीं ग्रंथांपेक्षां कारागिराच्या शाळेंतच अधिक स्पष्ट दिसतो. इंग्लंडांतील ‘लोटस एलान’ या जुन्या स्पोर्ट्स मोटारीची दुरुस्ती हें त्याचें एक बोलकें उदाहरण होय.

कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनें ही मोटार १९६२ सालीं बाजारांत आणली. तिचें बाह्य कवच फायबरग्लासचें. त्याला गंज म्हणून चढत नाहीं. परंतु त्या कवचाच्या पोटांत, मधोमध, पातळ पोलादी पत्रा दुमडून व सांधून केलेला एक पोकळ कणा आहे. हीच तिची चासी. यंत्र आणि चाकें यांचा भार या कण्यावर. योजना मोठी चतुर. तिच्यामुळें गाडी हलकी होऊनहि ताठ राहिली. पण मेखहि तेथेंच आहे. ज्याला गंज चढत नाहीं तें डोळ्यांसमोर, आणि ज्याला चढतो तें दृष्टीआड!

गंजाला लोखंड, हवा आणि पाणी एवढेंच पुरतें. इंग्लंडांत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या खाऱ्या पाण्यानें त्याला आणखी वेग येतो. ॲल्युमिनियमवर चढणारें पूट त्या धातूचें रक्षण तरी करतें. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालचा ताजा धातु पुन्हां उघडा पडतो. एलानच्या कण्यास पुढच्या चाकांपाशीं जे मनोऱ्यासारखे भाग आहेत, त्यांच्या तळाशीं पाणी वाहून जाण्यास भोंकें ठेवलेलीं असतात. तीं चिखलानें बुजलीं कीं पाणी आंत साचतें. याच कण्याचा पुढचा आडवा, पोकळ भाग निर्वात टांकी म्हणूनहि योजलेला आहे, व तिच्या बळावर पुढचे दिवे वर उचलले जातात. गंजानें टांकीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पाडलें, कीं हवा आंत शिरते आणि आरंभीच्या गाड्यांचे दिवे हळूहळू डोळे मिटूं लागतात. आंतला रोग असा बाहेर कळतो. परंतु दिव्यांच्या रबरी नळ्या बदलून स्वस्थ बसण्याचा मोह कोणासहि व्हावा.

दुरुस्तीचे मार्ग दोन. पहिल्यांत गंजावरच ठिगळ जोडावें, लांबी भरावी, वरून काळा रंग द्यावा. दुसऱ्यांत कवच उचलून बाजूस ठेवावें लागतें; हातोडीनें टोकीत टोकीत पोकळ झालेली जागा शोधावी लागते; चकाकता धातु लागेपर्यंत कापीत जाऊन तितक्याच जाडीचा नवा पत्रा सांधावा लागतो; आणि कणा सरळ राहिला कीं नाहीं हें मापें घेऊन पडताळावें लागतें. विक्रीच्या दिवशीं दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. भेद पडतो तो पुढें कधीं तरी, एखाद्या वळणावर, भर वेगांत. आणि त्याचें मोल देणारा बहुधा तिसराच कोणी असतो. येथें खोटें बोलण्यास तोंड उघडावें लागत नाहीं, रंगच बोलतो.

यावर जुन्या वस्तूंचा भक्त म्हणेल, “मूळचें लोखंडच कापून टाकलें, तर मूळची गाडी उरली कोठें?” आक्षेप क्षुल्लक नाहीं, कारण पुढें लोटसनेंच जस्त चढविलेले नवे कणे पुरविले, आणि तसा कणा बसवितांना जुना समूळ जातो. अशाच एका वादाचा निकाल १९९० सालीं इंग्लंडांतील उच्च न्यायालयांत लागला. फ्रान्समधील ल मां येथील शर्यत १९२९ व १९३० सालीं जिंकणारी बेंटले गाडी, ‘ओल्ड नंबर वन’, एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला होता. ती मूळची गाडीच नव्हे, असें म्हणून खरेदीदारानें माघार घेतली. वर्षानुवर्षांच्या फेरबदलांनंतर तींत १९२९ सालचा अंश फारच थोडा उरला होता. तथापि तिचा इतिहास कोठें तुटलेला नाहीं, हें पाहून न्यायमूर्ति ऑटन यांनीं तिचें नांव खरें मानलें.

या निकालांतून मला एवढेंच दिसतें कीं, वस्तूची ओळख तिच्या कणाकणांत नसून तिच्या अखंड वृत्तांतांत असते. आणि तो वृत्तांत अखंड राहतो तो झालेला बदल उघडपणें सांगितल्यानें. म्हणून सडलेलें कापणें हा मूळाचा द्रोह नव्हे. सडलेलें झांकून त्याला मूळ म्हणणें हा द्रोह होय. अर्थात् जें निरोगी आहे त्याला हात लावूं नये, हेंहि त्याच सत्याचें दुसरें अंग आहे.

आपल्या घराण्यांची आणि संस्थांची अब्रू आपण पुष्कळदां पहिल्याच मार्गानें राखतों. कर्ज, कलह, अन्याय यांवर प्रतिष्ठेचें पूट चढवितों, आणि पोकळ कणा पुढच्या पिढीच्या हातीं देतों. जस्ताचा एक गुण येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्याचा लेप ओरखडला, तरी उघड्या पडलेल्या लोखंडाच्या आधीं तें स्वतः झिजतें. खऱ्या दुरुस्तीसहि असा कोणी लागतो, जो खर्च आणि लाज आपल्या अंगावर घेऊन मागून येणाऱ्यास वांचवितो. रंग देणारा ती झीज दुसऱ्यावर ढकलतो, एवढाच दोघांत भेद. पण तो लहान नव्हे.