थांबण्याचा हक्क

पूर्णवेळ शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्याला येणारा शीण तोट्याचाच असतो, असे सर्रास मानले जाते. परंतु तसे असते तर नफ्याच्या महिन्यात तो उतरला असता, आणि तो उतरत नाही. हा पेच लातुरात आडत चालवणारा मामा आणि नांदेडला घरी बसून ऑप्शनचे व्यवहार करणारा भाचा यांच्या कल्पित संवादातून तपासता येतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी वा विक्री करण्याचा, मुदतीपुरता विकत घेतलेला हक्क. बाजारभाव जागचा हलला नाही तरी मुदत जवळ येईल तशी त्याची किंमत झिजत जाते.

भाचा म्हणाला, “मामा, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, असे बाजार नियामक सेबीचीच पाहणी सांगते. मी उरलेल्या सातांत आहे, तरी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर लेकराशी धड बोलवत नाही. भावाची जोखीम सोयाबीनवाल्यालाही चुकत नाही, मग मलाच हे का?”

“चुकत नाही, आणि विक्रीच्या पट्टीवरचा आकडा पाहून माणूस कसा खचतो, ते आडतीवर दिसतेच,” मामा म्हणाला. “पण घरात निकड नसेल, तर तो माल वखारीत ठेवून भावाची वाट पाहतो. तू कशाची वाट पाहतोस?”

“सौदा जमत नसेल त्या दिवशी मीही हात आखडून बसू शकतो.”

“बसतोस का?”

भाचा बसत नाही, कारण किराणा, घरभाडे आणि शिकवणीची फी त्याच भांडवलातून निघत असल्याने संधी नसलेल्या दिवशीही त्याला संधी हुडकावी लागते, आणि काही न करणे हे या धंद्यातले सर्वांत मोठे कसब असूनही तेच त्याला कामचुकारपणा वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा शिणाला, म्हणजे बर्नआउटला, आजार न म्हणता कामातून उद्भवणारी अवस्था म्हटले आणि शक्ती सरणे, कामाविषयी मन विटणे व कार्यक्षमता घटणे ही तिची लक्षणे सांगितली; तोट्याचा त्यांत उल्लेखही नाही.

“पण इथे डोक्यावर साहेब नाही, मामा.”

“म्हणून सुट्टी देणाराही नाही. वर्षाचा घरखर्च बाजाराबाहेर काढून ठेव, मग बघ.”

“तेवढा काढला तर भांडवल अर्धे होईल, आणि अर्ध्या भांडवलावर घर चालवायला दुप्पट जोखीम घ्यावी लागेल.”

मामाला हे खोडून काढता आले नाही. “मग या भांडवलावर घर टाकायलाच नको होते,” तो म्हणाला, “आणि हे तुला कमी पडल्यामुळे नाही, भांडवल कमी पडल्यामुळे.”