बेणं आणि बाटली

वसमत तालुक्यातल्या एका गावात हळद पिकवणारा शेतकरी राहत होता. हळदीच्या बाबतीत तो मोठा काटेकोर. शिजवायची हळद एकीकडे, बेण्याचा ढीग दुसरीकडे, सावलीला, पाल्याखाली झाकलेला. “बेणं चुकून कढईत गेलं की पुढचं साल गेलं,” असं तो गड्यांना बजावत असे.

एकदा न्हाणीघराची मोरी तुंबली. त्यानं कॉस्टिक सोडा आणून पाण्यात कालवला आणि मोरीत ओतला. उरलेलं टाकून देणं जिवावर आलं, म्हणून ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवलं. दिसायला ते निव्वळ पाणी, वासही नाही.

दुपारी शाळेतून आलेल्या सात वर्षांच्या लेकानं ती बाटली तोंडाला लावली. एक घोट आत गेला आणि पोरगं किंचाळलं. ओठ सुजले, लाळ गळू लागली.

आळी गोळा झाली. “मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा!” कोणी म्हणालं. दुसरं कोणी लिंबू घेऊन धावलं. तेवढ्यात आशाताई आल्या. “काहीच पाजू नका, काकू! उलटी तर अजिबात नको. जे खाली जाताना भाजलं, ते वर येताना पुन्हा भाजंल. लिंबानं आत आणखी आग होईल.” त्यांनी पोराला चुळा भरायला लावल्या, सांडून भिजलेला सदरा काढला, १०८ला फोन केला आणि ती बाटली पिशवीत घालून सोबत दिली.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात डॉक्टरांनी आधी पोराचा श्वास पाहिला, कारण घसा सुजला तर श्वासाची वाट बंद होते. मग २४ तासांच्या आत भूल देऊन दुर्बीण घातली. अन्ननलिका आतून चहूबाजूंनी भाजली होती, पण भोक पडलं नव्हतं. पडलं असतं तर लगेच शस्त्रक्रिया करावी लागली असती. नाकातून नळी घालून पोराला दूध देणं सुरू झालं.

काही दिवसांनी पोरगं तोंडानं दूध पिऊ लागलं. शेतकऱ्याला वाटलं, संकट टळलं. डॉक्टर म्हणाले, “दादा, जखम भरताना व्रण आकसतो. अन्ननलिका अरुंद होऊ शकते. तपासणी चुकवू नका.” तसंच झालं. काही आठवड्यांत पोराला वरणसुद्धा गिळेना. मग पुन्हा पुन्हा नांदेडची वारी, दर वेळी भूल, दर वेळी नळी थोडी रुंद करणं. ज्यांची नळी अशानं उघडत नाही, त्यांच्या मोठ्या आतड्याचा तुकडा वर नेऊन गळ्याशी जोडावा लागतो. या पोराची ती वेळ टळली. वर्षभरानं ते दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागलं.

त्या वारीत एकदा शेतकरी कळवळून म्हणाला, “किती वेळा सांगितलं होतं साहेब, दिसंल ते तोंडाला लावू नको म्हणून!”

डॉक्टर म्हणाले, “त्यानं दिसेल ते कुठं लावलं? त्यानं बाटली ओळखली, म्हणून तर प्याला. अमेरिकेत शेव्हॅलिअर जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर होते. अशा भाजलेल्या लेकरांवर उपचार करता करता त्यांनी ओळखलं, की नुसत्या दुर्बिणीनं हे थांबायचं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १९२७ साली तिथं कायदा झाला, की दाहक रसायनाच्या डब्यावर ‘विष’ असं छापलंच पाहिजे.”

शेतकरी गप्प झाला. ज्या घरात बेण्याला वेगळी जागा होती, त्याच घरात विषाला पाण्याचं रूप देऊन ठेवलं होतं.

गावी परतल्यावर तो घरोघर गेला. कुठं फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत होतं, कुठं संडास धुण्याचं ॲसिड सरबताच्या. “ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवा, कुलपात ठेवा,” असं तो हात जोडून सांगे. एक म्हातारबा म्हणाले, “त्यापरीस पोरांना शिकव की!”

“शिकवलंच होतं, आबा,” तो म्हणाला. “या बाटलीतलं प्यायचं असतं, हे आपणच तर त्यांना शिकवलंय.”

तात्पर्य : लेकरू भांडं ओळखून घोट घेतं. त्याचा तो विश्वास मोडेल असं काही त्या भांड्यात भरू नये. सावध राहायचं काम लेकराचं नाही, भरणाऱ्याचं आहे.