पोटाचे दुखणे, संमोहन आणि ईमान

माणसाचे पोट त्याच्या अब्रूशी बांधलेले असते. ताप आला तर तो घरभर सांगता येतो, हात मोडला तर गावभर; पण दिवसातून सात वेळा शौचास जावे लागते, एस.टी.त बसण्याच्या नुसत्या कल्पनेने पोटात मुरडा येतो, हे माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. वैद्यकशास्त्र ज्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपाने आयबीएस, म्हणते तो आजार अशा लपविलेल्या दुखण्यांपैकी एक आहे. पोट दुखते, फुगते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. रक्त तपासले, दुर्बिणीने आतडे पाहिले, तरी जखम नाही, गाठ नाही, सूज नाही. अहवाल स्वच्छ आणि माणूस बेजार. मग घरातले म्हणू लागतात की हे सारे मनाचे खेळ आहेत.

नमाजी माणसाची यातना तर आणखी वेगळी. वुजू टिकेल की नाही या धास्तीने तो जमाअतीत शेवटच्या सफेत, दाराजवळ उभा राहतो. पुढे जुम्याखेरीज येत नाही आणि एके दिवशी जुम्यालाही येणे सोडतो. लोक त्याच्या दीनदारीविषयी कुजबुजतात. त्याच्या आतड्याविषयी कोणालाच माहिती नसते. उंब्रज परिसरातील अशाच एका गृहस्थांनी काही महिन्यांपूर्वी मला विचारले की डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला संमोहन उपचार सुचविला आहे. मुसलमानाने तो घेणे जायज आहे काय? ही जादू तर नव्हे?

प्रश्न विचारण्यासारखाच होता. मात्र बोलता बोलता कळले की त्याआधी वर्षभर ते एका आमिलाकडे जात होते. करणी झाली आहे असे त्याने सांगितले, पुरलेली वस्तू काढण्यासाठी पैसे घेतले, न वाचता येणारे आकडे भरलेले तावीज दिले. तेव्हा मात्र जायज-नाजायजचा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आपल्या समाजाची ही तऱ्हा मला फार खटकते. दाढी आणि तस्बीह पाहिली की आपण चौकशी करीत नाही, आणि पदवीधर डॉक्टर दिसला की आपल्याला ईमान आठवते. वस्तुतः गैबच्या गोष्टी सांगण्याचा दावा करणाऱ्याकडे जाऊन त्याला विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, असा इशारा ‘सहीह मुस्लिम’मधील हदीसमध्ये आलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर सातारचे. त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याकडे आपल्यातील काही जण परक्यांचा कायदा म्हणून पाहतात. पण करणी-भानामतीच्या नावाने लुबाडणाऱ्यांना आपल्या शरीअतने त्याच्या कितीतरी आधी दार बंद केलेले होते.

आता मूळ प्रश्न. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की निम्मा घोटाळा शब्दाचा आहे. ‘संमोहन’ म्हटले की मोह आला, मोहिनी आली, भुरळ आली. उर्दूत त्याला ‘अमल-ए-तनवीम’ म्हणतात. तिथे ‘अमल’ शब्दाबरोबर आमिल आलाच. इंग्रजी शब्द ग्रीक भाषेतील झोपेच्या नावावरून पडला. तो रूढ करणारे मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनाच पुढे तो चुकीचा वाटू लागला, कारण ही झोप नव्हे, चित्त एकाच विचारावर स्थिरावण्याची अवस्था आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. फिक्हचा विद्यार्थी नावावर हुकूम लावीत नाही. वस्तू काय आहे याचे आकलन आधी, हुकूम नंतर, हा आपल्या उसूलचा पहिला धडा आहे.

वस्तू काय आहे, हे सांगणारा एक मोठा माणूस आपल्या शेजारचाच होता. गोव्यातील कांदोळी येथे 1756 मध्ये जन्मलेले जुझे कुस्तोदियो फारिया, म्हणजे आबे फारिया, हे ख्रिस्ती धर्मगुरू. युरोपात त्या काळी मेस्मरच्या अनुयायांचा गाजावाजा होता; उपचार करणाऱ्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि रोग्याला वश करतो, असे ते सांगत. फारियांनी 1813 पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखविले आणि सांगितले की असा कोणताही द्रव नाही, माझ्या हातात कसलीही शक्ती नाही. जे घडते ते समोरच्याच्या मनात, त्याच्या स्वतःच्या एकाग्रतेने आणि अपेक्षेने घडते. 1819 मध्ये ते वारले. पणजीत आदिलशाही राजवाड्याच्या बाजूला त्यांचा पुतळा आहे. गंमत अशी की त्या पुतळ्यात ते एका स्त्रीवर हात पसरून उभे आहेत. जणू त्या हातांतून काही वाहते आहे. ज्याने आयुष्यभर ‘माझ्या हातात काही नाही’ असे सांगितले त्याचे स्मारक त्याच्या हातांचेच झाले!

फारियांचे हे म्हणणे आपल्या प्रश्नाच्या मुळाशी भिडते. जादू, म्हणजे सिहर, हराम आहे, कारण तिच्यात अल्लाहखेरीज कोणाच्या तरी गुप्त शक्तीचा आधार घेतला जातो, शैतानांना शरण जावे लागते. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये हारूत-मारूतच्या प्रसंगात हे स्पष्ट झाले आहे. अरब जगतातील काही आदरणीय विद्वानांनी संमोहनाला नाजायज म्हटले ते याच समजुतीने की त्यात जिन्नांची मदत घेतली जाते. कोणी खरोखर तशी मदत मागत असेल, गतजन्म दाखवितो म्हणत असेल, हरवलेली वस्तू सांगतो म्हणत असेल, तर त्याच्याबाबत त्यांचा फतवा माझ्याही डोक्यावर. परंतु रुग्णालयात जे चालते त्यात हा आधारच नसेल, तर त्या आधारावर उभा राहिलेला हुकूमही तिथे लागू होत नाही.

रुग्णालयात काय चालते? 1984 मध्ये मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. औषधांनी गुण न आलेले आयबीएसचे 30 रुग्ण. काहींना संमोहन उपचार, इतरांना समुपदेशन आणि गुणहीन गोळी. पहिल्या गटाला स्पष्ट आराम पडला, दुसऱ्याला फारच थोडा. त्याच केंद्राने 2003 मध्ये 204 रुग्णांचा पाठपुरावा मांडला. त्यांत 71 टक्क्यांना उपचार लागू पडला होता आणि त्यांच्यापैकी 81 टक्क्यांचा आराम पुढेही टिकला होता. म्हणजे शंभरातील सुमारे तिसांना गुण आला नाही, हेही लक्षात ठेवावे. ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शिकेने 2008 मध्ये, बारा महिने औषधे घेऊनही आराम नसेल तर या उपचाराचा विचार करावा, असे सुचविले.

पद्धत साधी आहे. आठवड्याला एक अशा काही बैठका. रुग्ण डोळे मिटून शरीर सैल सोडतो, पोटावर हात ठेवून तिथे ऊब जाणवू देतो आणि आतड्याची चाल एखाद्या संथ नदीसारखी डोळ्यांसमोर आणतो. आमच्याकडच्या माणसाला नदी शोधायला लांब जायला नको. तारळी कृष्णेला मिळते ते पाणी त्याने श्रावणातही पाहिले आहे आणि माघातही. आतडे आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा असते. आयबीएसमध्ये आतड्यातील साधी हालचालही मेंदूला वेदना म्हणून ऐकू येते. हा गोंगाट कमी करण्याची ती एक तालीम आहे. पोटावर हात ठेवण्यात काही वावगे वाटत असेल तर आठवावे की माननीय उस्मान बिन अबुल-आस (रजि.) यांनी अंगदुखीची तक्रार केली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना दुखऱ्या जागी हात ठेवून अल्लाहचे नाव घेण्यास आणि दुआ करण्यास शिकविले होते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. दुआ ही इबादत आहे आणि ही तालीम निव्वळ उपचार. पण देहावर हात ठेवून चित्त एकाग्र करणे ही कृती स्वतः परकी नाही.

खरी अडचण जादूची नाहीच. ती अक्लेची आहे. शरीअतने मद्य हराम केले ते अक्ल झाकते म्हणून. मग आपल्या मनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे कसे चालेल? हा आक्षेप मला वजनदार वाटतो. संमोहित रुग्ण ऐकतो, बोलतो, नको वाटले तर डोळे उघडून उठतो. त्याची अक्ल नशेप्रमाणे झाकली जात नाही, हे खरे. पण सूचना स्वीकारण्याकडे त्याचा कल वाढलेला असतो, हेही तितकेच खरे. आपल्याच देशातील इतिहास याबाबत सावध करतो. 1845 मध्ये बंगालमधील हुगळी येथे कंपनी सरकारचे डॉक्टर जेम्स एस्डेल यांनी मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना निपचित करून मोठमोठ्या गाठी कापल्या. ईथर आणि क्लोरोफॉर्म यायचे होते. अनेकांच्या वेदना वाचल्या. परंतु आरंभ झाला तो एका कैद्यावर, आणि पुढचेही बहुतेक गोरगरीब देशी लोक. साहेबासमोर नाही म्हणण्याची त्यांची प्राज्ञा किती होती? उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात असे अंतर असेल तर संमती नावापुरती उरते. म्हणून मी असे म्हणेन की उपचार जायज आहे तो उपचारकाची योग्यता, हेतूची शुद्धता आणि रुग्णाची जाणती संमती या तिन्हींच्या आधाराने. वैद्यकी न शिकता वैद्यकी करणारा नुकसानीला जबाबदार आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. जत्रेतला किंवा रंगमंचावरचा संमोहनाचा खेळ, ज्यात माणसाला कोंबड्यासारखे आरवायला लावून लोक हसतात, तो या परवानगीत येत नाही. त्यात माणसाच्या इज्जतीची पायमल्ली आहे.

उरतो तवक्कुलचा प्रश्न. ‘मौलाना, अल्लाहच्या स्मरणाने मनाला शांती मिळते ना? मग याची गरज काय?’ हे वाक्य रुग्णाला फार ऐकवले जाते, आणि माझ्या मते त्यात एक सूक्ष्म बेअदबी दडलेली आहे. जिक्र ही पोटाची गोळी नव्हे. ती गोळीसारखी दिली की मुरडा न थांबल्यावर रुग्ण समजतो, माझे ईमानच खोटे. आजाराच्या ओझ्यावर अपराधाचे ओझे चढते. ‘सहीह बुखारी’तील प्रसंग पाहा. एकाने येऊन आपल्या भावाच्या पोटाची तक्रार सांगितली, प्रेषितांनी (स.) मध देण्यास सांगितले. गुण आला नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा आला, आणि प्रेषितांनी (स.) भावाच्या ईमानाबद्दल एक शब्द न काढता, खोटे ठरत असेल तर ते त्याचे पोट, असे म्हणून पुन्हा मधच द्यावयास लावला. शेवटी तो बरा झाला. पोटाला दोष दिला, माणसाला नाही! आजारी पडल्यावर बरे करणारा तोच, हे इब्राहीम (अलै.) यांचे उद्गार सूरह अश्-शुअरामध्ये आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला औषध शोधण्याची मनाई कोणी केली?

व्यवहारातील काही गोष्टी. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल तर आधी पूर्ण तपासणी. संमोहनाचा विचार त्यानंतर. भास होणे यांसारखा गंभीर मनोविकार असल्यास मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हा मार्ग धरू नये. स्त्री रुग्णाने शक्यतो स्त्री उपचारकाकडे जावे. ते न जमल्यास बंद खोलीत एकटीने बसू नये, मातोश्रींना किंवा पतीला सोबत बसवावे.

आणि ज्यांनी मशीद सोडली आहे त्यांच्यासाठी. नमाजेत वायू सरल्याची नुसती शंका आली तर आवाज किंवा गंध आल्याशिवाय नमाज सोडू नये, अशी हदीस आहे. शंकेने वुजू तुटत नाही. एखाद्या नमाजेच्या संपूर्ण वेळात वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर हनफी फिक्हनुसार तो माणूस माजूर ठरतो. त्यानंतर प्रत्येक नमाजेच्या वेळात हा त्रास एकदा जरी होत राहिला तरी ती सवलत टिकते: वेळ सुरू झाल्यावर एक वुजू करावी, आणि त्याच कारणाने ती त्या वेळेत तुटत नाही. आपला त्रास या मर्यादेत बसतो की नाही, हे आपल्या इमामाला एकांतात विचारावे. तो कोणाला सांगणार नाही. संमोहनाच्या बैठकीत आडवे पडून डुलकी लागली असेल तर मात्र नमाजेपूर्वी नवी वुजू करावी.