मावशीने शाल परत केली

आज सकाळच्या वाचनात सूत्रपाठातले आचार प्रकरण होते. साधकाने आपला मुलूख सोडावा, गाव सोडावे, आणि नात्यागोत्याची ओढ तर आवर्जून सोडावी, असा स्वामींचा उपदेश. इथे आलो की मी दरवेळी अडखळतो. का, ते सांगतो.

माझ्या धाकट्या मावशीने संन्यास घेतला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आजी अंथरुणाला खिळली. "माझी लेक आली का?" एवढंच विचारायची. निरोप गेला, पण मावशी आली नाही. आजी गेली, तरी नाही. मी मनात म्हणालो, असला कसला आचार, जो लेकीला आईपाशी येऊ देत नाही? तो राग पोटात ठेवूनच मी कैक वर्षं सूत्रं वाचली.

हे नियम टिकले कसे, तेही बघा. श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि भक्त पोरके झाले. मार्गाची धुरा श्रीनागदेवाचार्यांवर आली. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना गाठून एकेक लीळा गोळा केली. केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. भिक्षा कशी मागावी, अटन कसं करावं, एकांतात कसं राहावं, सगळं त्यात आलं. आचार्यांच्या काळातले प्रसंग पुढे स्मृतिस्थळात नोंदले गेले. आणि हे सारं मराठीत, म्हाताऱ्या बायाबापड्यांनाही कळेल असं.

त्याच शतकात, १२१५ साली, तिकडे रोमला पोप तिसरे इनोसंट यांनी लॅटरन इथे ख्रिस्ती धर्माची मोठी परिषद भरवली. चारशेहून जास्त बिशप जमले. ७१ कलमं ठरली. त्यातली काही पाद्र्यांच्या राहणीविषयीच होती: दारूच्या आहारी जाऊ नये, जुगार खेळू नये, व्यापारधंदा करू नये, शिकारीला जाऊ नये, भडक कपडे घालू नयेत. तिथे गादी होती, सत्ता होती, हुकूम होता. इथे झोळी होती आणि आठवण होती. कुणाला कुणाची खबर नाही, पण काळजी दोन्हीकडे एकच: ज्याच्यापुढे लोक हात जोडतात, त्याला सांभाळायचं कसं?

स्वामींनी कानडदेशी आणि तेलंगदेशी जाऊ नका असंही सांगितलं. आपण नांदेड-लातूरची माणसं हे वाचून गालात हसतो. देगलूर ओलांडलं की तेलंगण, निलंगा ओलांडलं की कर्नाटक, आणि आपले सोयरे दोन्हीकडं! पण तिथल्या माणसांना दोष दिलेला नाही. जिथे सुखाचे विषय फार, तिथे साधक गुंततो, एवढंच कारण. मग मला वाटतं, आज तो तेलंगदेश आपल्याच ओसरीवर येऊन बसलाय. साधू आले की गादी, पंखा, पाकीट, चारचाकी आपणच पुढं करतो. आणि माघारी आपणच म्हणतो, "आजकालचे साधू काय राहिले नाहीत बुवा!"

मीही तेच केलं. माहूरच्या यात्रेत देवदेवेश्वराजवळ मावशी भेटली. दंडवत घातला, भारीतली शाल पुढं ठेवली. म्हणलं, "बाई, लातूरला चला. महिनाभर राहा. खोली तयार हाय." तिनं शालीवरून एकदा हात फिरवला आणि परत दिली.

"लेकरा, तुझ्या घरी ऱ्हायले तर मी तुझी मावशीच होईन. मग हे वस्त्र कशामुळं घेतलं?"

मला राहवलं नाही. म्हणलं, "आजी शेवटपर्यंत वाट बघत होती."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "निरोप आला त्या रात्री बसून होते. नाम घेत होते. पाय तिकडंच ओढत होते. पण आले असते, तर परत निघाले नसते."

माझी समजूत होती की नियमानं तिचं मन दगडाचं केलं. ते तसं नव्हतं. मन मऊ होतं म्हणूनच तिला नियम धरून बसावं लागलं. आजीच्या वाट्याला आलेलं दुःख यानं कमी होत नाही. तिची हाक अजून माझ्या कानात आहे. पण त्या रात्री दुसरीकडेही कुणीतरी रडत होतं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

आपण वासनिक. ते आचार आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. तरी आपल्या वाट्याचं काम आहेच. साधूला काही देण्याआधी विचारावं, हे त्याच्या मार्गात बसतं का? तो नको म्हणाला, तर आग्रह करू नये. आणि त्याची चूक काढण्याआधी बघावं, त्यात माझा हात किती?

ती शाल अजून कपाटात आहे. यंदाच्या थंडीत शेजारच्या एखाद्या म्हातारीच्या अंगावर घालावी म्हणतो.

दंडवत प्रणाम.