हिरवेपण टाकलेले शेवाळ

शेवाळ हिरवेच असणार हे आपण गृहीत धरतो. हिरवे म्हणजे उन्हावर जगणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्रोटोथेका नावाचे सूक्ष्म शैवाल या दोन्ही समजुती मोडते. क्लोरेला या हिरव्या शैवालाचे हे जवळचे भाऊबंद, पण उत्क्रांतीच्या ओघात त्याने हरितद्रव्य टाकले आणि स्वतःचे अन्न करणे सोडून दिले. शेणात, सांडपाण्यात, चिखलात जे कुजते त्यावर ते जगते आणि संधी मिळाली तर जित्या जनावराच्या कासेतही वस्ती करते.

जर्मन संशोधक क्र्यूगर यांनी १८९४ मध्ये झाडांच्या चिकट स्रावातून आलेल्या या जीवाचे वर्णन केले आणि रंग नाही म्हणून त्याची गणना बुरशीत केली. पण एका पेशीच्या पोटात अनेक पिल्लू-पेशी तयार होण्याची त्याची तऱ्हा क्लोरेलाची होती. शिवाय जिथे एके काळी हरितद्रव्य असायचे, ते पेशीतले अंगकही शिल्लक होते. प्रकाशाचे काम संपले, तरी पेशीला लागणारी काही रसायने तिथे अजून बनतात. रंग गेला, कूळ गेले नाही.

कूळ ओळखण्याचा उपयोग काय, हे हिवतापाने दाखवले आहे. सिकंदराबादला १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. त्या परजीवीच्या पेशीतही एका प्राचीन शैवालाचा अवशेष आहे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. डॉक्सिसायक्लिन हे औषध नेमके त्या अवशेषावर घाव घालते. शत्रूचे मूळ कळले की त्याचे मर्मही कळते.

प्रोटोथेकाच्या बाबतीत गोठ्यात याच्या उलट घडते. या शैवालामुळे गायीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, होते, हे १९५२ मध्ये जर्मनीत नोंदले गेले. पुढे अनेक देशांत तेच दिसले. दूध पातळ होते, त्यात गुठळ्या येतात, सड हळूहळू आटतो. जनावर मात्र बाहेरून बहुधा ठणठणीत दिसते. लालकंधारी गाय असो, देवणी असो वा दारची म्हैस, कास सुजली की ट्यूब सडात सोडायची ही आपली रीत. ट्यूबमधले प्रतिजैविक जिवाणूंसाठी असते, शैवाल त्याला दाद देत नाही. मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. पैसा जातो, दुधात औषध उतरते, गोठ्यातले इतर जिवाणू मात्र औषधाला सरावतात. रंग पाहून क्र्यूगर चुकले, सूज पाहून आपण चुकतो.

माणसाला या शैवालाची बाधा क्वचितच होते. १९६४ मध्ये नोंदलेला पहिला रुग्ण सिएरा लिओनमधला भातशेतकरी होता आणि जखम पायावर होती. बहुतेक वेळा हे शैवाल कातडीवरच्या जखमेतून शिरते. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात ते शरीरभर पसरू शकते. म्हणून घाबरायचे कारण नाही, पण चिघळलेली जखम अंगावर काढू नये.

या जीवाला ऐतखाऊ ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण निसर्गात कष्टाळू आणि आळशी असा निवाडा नसतो. जिथे आयते अन्न मिळते तिथे ते खाणारा कुणीतरी येतोच. ते अन्न आपणच मांडून ठेवतो : पावसाळ्यात काळ्या मातीच्या रेंद्यात बसलेली जनावरे, तुंबलेली मूत्राची नाली, धार काढण्याआधी न पुसलेले सड.

तेव्हा धर्माबादच्या शेतकऱ्याला एवढेच सांगणे : पहिली ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना स्वच्छ, उकळलेल्या बाटलीत घ्या, थंड ठेवा आणि पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. औषधाला दाद न देणारे जनावर वेगळे बांधा, त्याची धार शेवटी काढा आणि गोठा कोरडा ठेवा. या शैवालावर कासेत चालणारे खात्रीचे औषध अजून नाही. ओळख आणि कोरडी जागा, एवढेच आपल्या हाती आहे.