बिननावाची सोंगटी

'एंटर द ड्रॅगन' (१९७३) मध्ये ब्रूस ली एका गुंडाची मान मोडतो. तो बिननावाचा गुंड म्हणजे तरुण जॅकी चॅन! अशा सिनेमांवरून टेबलावर सोंगट्यांनी खेळायचे खेळही निघालेत. नायकाला नाव, गुंड मात्र एका फटक्यात आडवा.

खेळात खरं कोणी मरत नाही, कबूल. एच. जी. वेल्सनं १९१३ साली 'लिटल वॉर्स'मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले, तेही खऱ्या युद्धापेक्षा हे बरं म्हणत. मला खटकते ती मोजणी. 'किती पाडले?' एवढंच विचारायची सवय. धामणगाव रेल्वेच्या फलाटावरची गर्दीही मग भरतीचीच वाटू लागते.

एकदा गुंडाच्या सोंगटीला नाव देऊन पाहा. हा गजू, याची बहीण बडनेऱ्याला दिलीय. आता टाका फासे.