सोवळी शाई

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं, तेव्हा पुष्कळ घरांत त्या कागदाला हात लावायला लोक कचरत. छापण्याच्या शाईत चरबी असते, मग तिनं छापलेलं पान देवघरात कसं न्यायचं? या शंकेवर तोडगा म्हणून गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई केली, असं मुद्रणाच्या इतिहासात सांगितलं जातं. सोवळ्याचा तो काच आज उरलेला नाही. पण पान हाती घेण्याआधी शाईची चौकशी करण्याची सवय मात्र मोलाची होती. घरात प्रिंटर घेताना ती पुन्हा लावून घ्यावी अशीच आहे.

खानदेशातल्या जामनेरच्या एखाद्या घरात हा विषय बहुधा जूनमध्ये निघतो. मुलांचे प्रवेश, दाखले, शाळेचे प्रकल्प, शेतीचे कागद अशी कामं एकदम अंगावर येतात. दुकानात सर्वांत स्वस्त यंत्र समोर ठेवलं जातं आणि ते घरी येतं. मग शेजारचे काका दारात उभे राहतात : "भाऊ, एवढा सातबारा काढून द्या ना." घरातला माणूस नाही म्हणत नाही. पण यंत्र सुरू करताना आत किती शाई उरली असेल, याचा हिशोब त्याच्या मनात चालू होतो.

धर्मविचारानं या क्षणाकडे फार बारकाईनं पाहिलं आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोबदल्याच्या आशेनं किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेलं दान तिथं राजस ठरतं. खानदेशातल्या जैन घरांना आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं लहानपणापासून ऐकून ठाऊक असतात. त्यांतलं शास्त्रदान म्हणजे ग्रंथ लिहवून घेऊन वाचणाऱ्याच्या हाती देणं. मग प्रश्न असा : प्रत्येक पानामागं मन खट्टू होत असेल, तर दिलेल्या पानाचं दान होतं का?

हातानं लिहिण्याच्या काळात शाई घरचीच असे. दिव्याचं काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी यांतून ती घोटली जाई. महाग होते ते लेखनिकाचे दिवस. एक पोथी उतरवायला महिने लागत. आज उलटं झालं आहे. कष्ट यंत्रानं उचलले आणि थेंबाला भाव आला. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि कमाई कार्ट्रिजवर करायची, ही या धंद्याची जुनी रीत आहे.

आकडे बोलके आहेत. एचपीच्या ८०५ क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमधून कंपनीच्याच हिशोबानं सुमारे १२० पानं निघतात. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटर काळ्या शाईच्या बाटलीतून सुमारे ४,५००. हे आकडे ठरावीक नमुना पानांवरून काढलेले असतात. गडद चित्रं छापली की पानं कमी भरतात, आणि पहिल्या बाटलीची काही शाई नळ्या भरण्यातच जाते. तरीही रिफिलची किंमत भागिले पानं, हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो. समजा, बाटलीनं शाई भरायचा टाकीचा प्रिंटर कार्ट्रिजच्या प्रिंटरपेक्षा ८,००० रुपयांनी महाग आहे आणि पानामागं ५ रुपये वाचतात. मग १,६०० पानांनंतर फरक फिटतो. आठवड्याला दहा पानं लागणाऱ्या घरात तो तीन वर्षांत वसूल होतो. दोनच पानं लागत असतील तर पंधरा वर्षं लागतील. अशा घरानं सरळ झेरॉक्सच्या दुकानात जावं.

खानदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव जिल्ह्याचा पारा चव्वेचाळीसच्या पुढं चढतो. यंत्र पडून राहिलं तर शाई बारीक छिद्रांत वाळते आणि ती साफ करताना उरलेली शाईही खर्ची पडते. आठवड्यातून एक रंगीत पान काढलं की छिद्रं मोकळी राहतात. फक्त काळी अक्षरं लागत असतील तर लेझर बरा, कारण त्याची शाई म्हणजे कोरडी भुकटी. तिला वाळण्याचं भय नाही.

विकत घेतलेली वस्तू कुणाची, हा वादही शाईपर्यंत आला आहे. रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्यांवर लेक्समार्क कंपनीनं अमेरिकेत दावा लावला. मे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. दान आपल्या मालकीच्या वस्तूचंच करता येतं, हे दानधर्माचं पहिलं सूत्र. म्हणून बाटलीनं उघडपणे भरता येणारी टाकी ही सोयीइतकीच मालकीचीही बाब आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पान काही पैशांत पडू लागलं, तर देणाऱ्यानं दिलं काय? झीज सोसल्याशिवाय दान कसलं? पण शास्त्रदानाचं मोल पोथी वाचणाऱ्याला काय मिळालं, यात होतं. देणाऱ्याची कळ हे त्याचं माप नव्हतं. शिवाय शाई स्वस्त झाली तरी देणाऱ्याचा वेळ उरतोच. फॉर्ममधलं नाव तपासणं, चुकलेलं पान पुन्हा काढणं, चष्मा विसरलेल्या आजोबांना तारीख वाचून दाखवणं, हे कुठल्याच बाटलीत भरून मिळत नाही.

जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीत कार्तिकात त्रिविक्रमाचा रथ निघतो. त्या दिवसांत गावोगावच्या भजनी मंडळांना हरिपाठाची पानं लागतात, तीही जाड अक्षरांत, कारण म्हणणारे बहुतेक साठीच्या पुढचे. टाकी भरलेली असेल त्या घरात वीस प्रती मागणाऱ्याला कुणी विचारतं, "पंचवीस काढू का? ऐनवेळी कमी पडायला नकोत."